नौदलातला वारसा आणि कारखान्याची सूत्रे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माजी नौसैनिकांच्या कुटुंबांतून आलेली तीन पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र सोलापूर शहरातले आहे. त्यातला पेच बऱ्याच घरांत असणार असे वाटल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, म्हणजे जहाजाची भट्टी सांभाळणारा, म्हणून भरती झाले आणि १९४६ मध्ये घरी परतले. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, १९६७ मध्ये नौदलात गेले. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर त्यांचे प्रशिक्षण झाले आणि १९७१ च्या युद्धात ते ‘विक्रांत’च्या बॉयलर रूममध्ये होते. १९८२ मध्ये सेवा संपवून ते सोलापूरला आले, काही वर्षे एका गिरणीत बॉयलर अटेंडंट म्हणून राहिले आणि मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांनी टॉवेलचा कारखाना काढला. ते बोटीवर असताना आई पूर्व भागातल्या आमच्या घरी विड्या वळत होती. कारखान्याच्या वर्धापनदिनानिमित्त आम्ही स्मरणिका काढत आहोत. काका म्हणतात की आजोबा नौदलाच्या बंडात होते, ते ठळक छापा. भाऊ म्हणतो की सोलापूरचा समुद्राशी संबंध काय, गिऱ्हाइकाला टॉवेलशी मतलब, नौदलाला एक पान पुरे. खरी अडचण मात्र निराळी आहे. अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. भाऊ आणि मी दोघेही रोज कारखान्यात असतो, तरी सुताची खरेदी, बँकेचा व्यवहार आणि चेकवरची सही अजून त्यांच्याकडेच आहे. स्मरणिकेत काय लिहावे आणि अण्णांकडे हा विषय कसा काढावा? — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण मला ते एकच वाटतात. अण्णांनी नौदलातून कारखान्यात नेमके काय आणले हे नीट लिहायला बसलात, तर सूत्रे सोपवण्याचा रस्ताही त्याच कागदावर सापडेल. म्हणून आधी स्मरणिकेबद्दल लिहितो.

अशा स्मरणिकांत ‘नौदलाच्या शिस्तीतून हा उद्योग उभा राहिला’ असे एक वाक्य हमखास असते. ते खोटे नसते, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. शिस्त शाळेत असते, गिरणीतही होती, आणि गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालत असे त्या सोलापूरच्या हजारो घरांत ती नौदलाशिवायच होती. आपल्याजवळ त्याहून पुष्कळ मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे १९७१ सालची ‘विक्रांत’ची बॉयलर रूम.

जून १९७० मध्ये ‘विक्रांत’ मुंबईच्या नौदल गोदीत असताना तिच्या बॉयलरच्या वॉटर ड्रमना तडे गेल्याचे आढळले. ते वेल्डिंगने बुजवण्यासारखे नव्हते, नवे ड्रम देशात मिळत नव्हते, त्यामुळे ते ब्रिटनकडे मागवण्यात आले आणि पुढील आदेशापर्यंत बॉयलर वापरू नयेत असे मुख्यालयाने कळवले. जहाजाची यंत्रे जवळजवळ सात महिने बंद राहिली. मार्च १९७१ मध्ये नवे ड्रम बसलेले नसतानाच बॉयलर कमी दाबावर पेटवून चाचण्या सुरू झाल्या. दाब चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही असे ठरले आणि त्यामुळे चोवीस नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास धावू शकणारे हे जहाज चौदा नॉटवर आले. विमानवाहू जहाजाच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नव्हे, कारण विमान उडवताना जहाज वाऱ्याला सामोरे जाऊन जितके वेगाने धावेल, तितकी विमानाला उड्डाणासाठी मदत होते. या मर्यादेसह ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात उतरली आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले.

वैमानिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या वेळी डेकच्या खाली, तडे गेलेल्या यंत्राचा दाब ठरल्या आकड्याच्या वर जाऊ न देता आणि खालीही पडू न देता, चार-चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, उभी राहिलेली माणसे होती, आणि आपले वडील त्यांपैकी एक होते. त्यांच्याजवळ बसून हे सविस्तर विचारून घ्या : काटा चढू लागला की कोणाला सांगायचे, त्या उकाड्यात एका वॉचमध्ये किती माणसे असत, मर्यादा मोडली तर काय होईल याची चर्चा होत असे की कोणी ती काढतच नसे. आणि त्यानंतर विचारा की स्वतःच्या रंगखात्यात बॉयलर बसवताना त्यांनी कोणते नियम घातले. कारखान्याच्या बॉयलरची दरवर्षी तपासणी होऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे सगळ्याच मालकांना ठाऊक असते. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर असताना बॉयलर थंड करून तपासणीसाठी उघडून ठेवणे किती जिवावर येते, हेही त्यांना ठाऊक असते. अण्णांनी ही तपासणी कधी चालढकल न करता पार पाडली असेल, तर आपल्या स्मरणिकेचा कणा तोच आहे. यंत्राची मर्यादा ओळखून, तिच्या आत राहून काम तडीस नेणे ते वयाच्या विशीत शिकले आणि मालक झाल्यावरही विसरले नाहीत, हे प्रसंगांसह लिहिले तर गिऱ्हाइकही ते पान उलटून पुढे जाणार नाही.

आजोबांबद्दल मात्र सावधपणे लिहा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध उठाव सुरू झाला, तो कराचीसह इतर बंदरांत आणि जहाजांवर पसरला, सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात सामील झाले आणि सरदार पटेलांच्या आवाहनानंतर २३ फेब्रुवारीला तो थांबला. एवढा मोठा प्रसंग असल्यामुळे १९४६ मध्ये घरी परतलेल्या नौसैनिकाचे नाव त्याच्याशी जोडले जाणे स्वाभाविक आहे. पण युद्धाच्या आरंभी दोन हजारांच्याही आत असलेले हे दल युद्ध संपेपर्यंत तीस हजारांच्या घरात गेले होते आणि शांतता झाल्यावर हजारो माणसांना रीतसर सेवामुक्त करण्यात आले. आजोबा या दोन्हींपैकी कोणत्या कारणाने परतले, हे घरातल्या कागदांवरूनच ठरेल. सेवामुक्तीचे प्रमाणपत्र जुन्या पेटीत असेल तर त्यावरची तारीख आणि कारण पाहा. पदके असतील तर त्यांच्या कडा भिंगाखाली तपासा, कारण सेवाक्रमांक, हुद्दा आणि नाव तिथे कोरलेले सापडू शकते. कागद मिळाला नाही तर काकांनी सांगितलेली हकीकत त्यांच्या नावानिशी, त्यांची आठवण म्हणून छापा. ती वगळू नये आणि तिला सिद्ध झालेल्या गोष्टीचे रूपही देऊ नये. युद्धकाळात तीन वर्षे जहाजाच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या स्टोकरला आदर मिळण्यासाठी बंडाच्या पुराव्याची गरज नाही, हे काकांना समजावून सांगता येईल असे वाटते.

अण्णांच्या स्वतःच्या सेवेच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे त्यांच्या सहीने अर्ज करता येईल. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनचा आदेश आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन गेलात तर अर्ज कसा लिहावा याचे मार्गदर्शन मिळेल.

आपल्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अण्णा बोटीवर असताना आई विड्या वळत होती, एवढेच आपण लिहिले आहे आणि पुढच्या मजकुरात आई कोठेही येत नाही. पूर्व भागातल्या ज्या बायकांनी हे काम केले आहे त्यांना ते काय असते हे सांगायला नको : कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून आणायचा, पान भिजवून कापायचे, हजारावर मजुरी ठरलेली, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान स्वतः सोसायचे, आणि हे सगळे मुले, सासूसासरे आणि स्वयंपाक सांभाळून. नवऱ्याची मनीऑर्डर महिन्यातून एकदा येणार आणि जहाज लांब असेल तर पत्रही वेळेवर येणार नाही, अशा पंधरा वर्षांत घरचे सगळे निर्णय आईने एकटीने घेतले असणार. कारखाना काढताना पहिल्या मागांसाठी पैसा कोठून आला, हे अण्णांना आणि आईला वेगवेगळे विचारा. आईची बचत त्यात असेल, आणि मला वाटते असावीच, तर स्मरणिकेत ती रक्कम आणि साल भांडवल म्हणून नोंदवा. ‘पाठीशी खंबीरपणे उभी राहिली’ अशा शब्दांत तो हिशेब बुडवू नका. लष्करी सेवेचा वारसा सांगताना घरी राहिलेल्यांची सेवा सहसा एका ओळीत आटोपली जाते आणि त्याबद्दल मला मनापासून खेद वाटतो.

भावाच्या शंकेचे उत्तर तर सोलापूरनेच देऊन ठेवले आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये याच शहरात झाला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या त्यांच्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले आणि त्याच तारखेला आजही देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. विशाखापट्टणमची गोदी त्यांनी १९४१ मध्ये सुरू केली आणि तिथे बांधलेल्या ‘जलउषा’चे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ही गोदी पुढे सरकारच्या मालकीची झाली आणि आज ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. शेजारच्या फलटण तालुक्यातले विंचुर्णी हे गावही भावाच्या लक्षात आणून द्या. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथेच राहिले आणि तिथून त्यांनी शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या भारतीय मोहिमेला आकार दिला. कोरडवाहू मुलखातल्या माणसांचे समुद्राशी नाते नसते, असे म्हणायला जागाच नाही.

आता अण्णांकडे वळू. नौदलाची जी सवय उद्योगात सर्वांत उपयोगी पडावी आणि जी माजी नौसैनिकांच्या कारखान्यांतही क्वचित दिसते, ती म्हणजे काम सोपवण्याची रीत. जहाजावर कोणतीही जागा कोणाची कायमची नसते. चार तासांची वॉच संपत आली की पुढचा माणूस थोडा आधी खाली येतो, आधीच्याकडून यंत्राची स्थिती ऐकतो, काटे स्वतः पाहतो आणि जबाबदारी घेतली असे त्याने सांगितल्यावरच पहिला वर जातो. संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे मुद्दाम दोन-दोन तासांचे तुकडे केलेले असतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सात होतात आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच वाट्याला येत नाही. कप्तानही साधारण दीड-दोन वर्षांत बदलतो आणि जाताना सगळा कार्यभार लेखी देऊन जातो. जहाज त्याच्यावाचून चालले पाहिजे, हे त्याच्या कर्तबगारीचेच माप मानले जाते. अण्णा पंधरा वर्षे या रीतीत वाढले आणि नंतरची चार दशके मात्र एकच वॉच करत आहेत, कारण त्यांच्या जागी कोणी रीतसर आलेच नाही. यात त्यांचा हट्ट असेलच असे नाही. सोपवून घेणारा समोर उभा राहिल्याशिवाय खाली उतरायचे नाही, हेही त्यांना तिथेच शिकवलेले आहे.

म्हणून ‘आता तुम्ही विश्रांती घ्या’ या वाक्याने विषय काढू नका. त्या पिढीच्या माणसाला ते वाक्य लागते. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांना विचारा की १९८२ मध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी आपले काम कोणाला आणि कसे सोपवले, यादी कोणी केली, सही कोठे घेतली. हे ऐकून झाल्यावर तशीच यादी कारखान्याची करू या, असे आपण म्हणू शकाल. ती यादी मोठी होईल : कोणत्या सूतव्यापाऱ्याशी फक्त फोनवर व्यवहार होतो, बँकेची मर्यादा किती आणि नूतनीकरण केव्हा, बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत, कोणत्या कामगाराकडे किती उचल बाकी आहे आणि ती का दिली, कोणते गिऱ्हाईक पैसे उशिरा देते तरी का सोडायचे नाही. यातले निम्मे आज केवळ अण्णांच्या डोक्यात असेल. यादी झाली की एकेक बाब, तारीख घालून, आपल्यापैकी एकाने घ्यावी. सुताची खरेदी आधी एक पूर्ण हंगाम त्यांच्यासोबत बसून करावी. चेकवर काही महिने दोघांच्या सह्या असाव्यात आणि मग त्यांची सही थांबावी. मधल्या काळात आपला एखादा सौदा तोट्यात जाईल. तेव्हा कारभार परत त्यांच्या हाती जाऊ नये, एवढे मात्र आधीच आपसांत ठरवून ठेवा.

कार्यभार दिल्यावर कप्तान जहाज सोडून जातो, अण्णा मात्र त्याच घरात आणि त्याच आवारात राहणार आहेत, ही यातली खरी कठीण बाजू आहे. त्यांना नावापुरते अध्यक्षपद आणि रिकामी केबिन देणे मला पसंत नाही. बॉयलरवर आणि रंगखात्यात नव्याने लागणाऱ्या मुलांचे प्रशिक्षण पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, कारण ते ज्ञान आपल्या दोघांकडे नाही आणि त्यात त्यांचा शब्द शेवटचा राहिला तर कारखान्याचे भलेच होईल. पैशाच्या व्यवहारात मात्र तो शेवटचा राहू नये.

आणखी एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही. आपण रोज कारखान्यात जाता. भागीदारीच्या करारात आपले नाव आहे का? नसेल तर अण्णांच्या हयातीत आणि त्यांच्या सहीने ते घातले जावे. करारात वेगळी तरतूद नसेल तर कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपुष्टात येते आणि त्यानंतर बहीणभावांत जे घडते ते सोलापूरच्या न्यायालयात कोणत्याही दिवशी पाहायला मिळते. वकील आणि सीए यांना एकत्र बसवून हा कागद स्मरणिकेच्या आधी पूर्ण करा.

प्रश्न : मी नौदलात पेटी ऑफिसर आहे आणि पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची सेवा पूर्ण करून बार्शी तालुक्यातल्या गावी परतणार आहे. वडील आणि आजोबा दोघेही लष्करात होते. निवृत्तीनंतर दोघांनीही सुरक्षारक्षकाची नोकरी केली. मला गावाजवळ गणवेश शिवण्याचा कारखाना काढायचा आहे. घरचे म्हणतात की आपल्या घराण्यात धंदा कोणी केला नाही. पेन्शनचे पैसे त्यात घालावेत का? — एक वाचक, तालुका बार्शी

उत्तर : गणवेशाच्या व्यवसायात सोलापूरने गेल्या काही वर्षांत चांगले नाव मिळवले आहे, तेव्हा शिवणारे कारागीर, कापड आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी आपल्याला तासाभराच्या अंतरावर मिळतील. आपली निवड मला योग्य वाटते. पैशाचा बेत मात्र बदलावा असे वाटते.

पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची मुभा संरक्षण दलांतील कर्मचाऱ्यांना असते आणि तो भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. ही रक्कम हातात आली की ती यंत्रांत घालण्याचा मोह होतो. तसे करू नका. पस्तिशीतल्या माणसाच्या पुढे मुलांचे शिक्षण आहे आणि शिवणयंत्रे चालली नाहीत तर निम्म्या किमतीलाही जात नाहीत. त्याऐवजी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी सोलापूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा. सध्याच्या नियमांनुसार उत्पादन व्यवसायाला पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो, माजी सैनिकांना विशेष प्रवर्गाचा लाभ मिळतो, स्वतःचा वाटा पाच टक्के पुरतो आणि ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. तरीही बाकीची रक्कम कर्जच असते, हे विसरू नये.

सेवेच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयाचे जे अभ्यासक्रम मिळतात, त्यांपैकी उद्योगव्यवस्थापनाचा घ्या. त्यानंतर स्वतःचे काही सुरू करण्यापूर्वी सहा महिने सोलापुरात दुसऱ्याच्या गणवेश कारखान्यात पगारावर काम करा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. जहाजावर सुटा भाग हवा असेल तर मागणीपत्र भरल्यावर भांडार तो देते. इथे कापड उधारीवर आणायचे, शाळा आणि व्यापारी पैसे महिनोन्‌महिने देत नाहीत, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या तीन महिन्यांत वर्षाचा बहुतेक धंदा होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशीच करा, कारण २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि आता आयकराच्या नियमांमुळेही मोठे खरेदीदार त्याकडे लक्ष देऊ लागले आहेत.

माणसे सांभाळण्याच्या बाबतीत मात्र आपण इतरांच्या पुढे आहात. पेटी ऑफिसर हा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधला माणूस असतो. वरून आलेला हुकूम खालच्यांना पटेल असा सांगणे आणि खालच्यांची अडचण वर पोहोचवणे हेच त्याचे काम. शिवणकामातल्या बायका हुकुमाने थांबत नाहीत, त्यांना शेजारच्या कारखान्यात उद्या काम मिळते. तिथे हुद्द्याची सवय सोडून ही मध्यस्थाची सवय तेवढी जवळ ठेवा. वडिलांनी आणि आजोबांनी रक्षकाची नोकरी केली तेव्हा त्यांना कर्ज देणारे आणि शिकवणारे कोणी नव्हते, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

प्रश्न : मी पंढरपूरला बारावी सायन्सला आहे. माझे आजोबा नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी शेतीपंप दुरुस्तीचे दुकान काढले. बाबांनी ते वाढवून एजन्सी घेतली. मला एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नौदलात जायचे आहे. मी एकुलती एक असल्याने बाबा म्हणतात की आजोबांनी सेवा केली ती पुरे, आता दुकान कोण बघणार? — एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : तुझ्या बाबांची काळजी खोटी नाही; तिच्यावर रागावू नकोस. पण दुकान आज बाबा समर्थपणे पाहत आहेत, आणि एनडीएची वयोमर्यादा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची असल्याने तुझी संधी दोन-अडीच वर्षांत संपणार आहे. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे त्यांना शांतपणे सांग.

मुलींना एनडीएत प्रवेश २०२२ पासून मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यानंतर पाच दिवसांच्या आसपास चालणारी एसएसबीची (सैन्यदलांच्या निवड मंडळाची) मुलाखत आणि मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली तर खडकवासल्याला तीन वर्षे आणि पुढे केरळात एझिमलाच्या नौदल प्रबोधिनीत आणखी एक वर्ष प्रशिक्षण असते. यात यश आले नाही तरी अभियांत्रिकीची पदवी घेऊन शॉर्ट सर्व्हिस कमिशनने जाता येते. ती सेवा साधारण दहा वर्षांची असल्यामुळे पस्तिशीच्या आत परत येऊन एजन्सी सांभाळणेही तुला शक्य होईल, आणि बाबांना हा दुसरा मार्ग कदाचित अधिक पटेल.

दुकानाबद्दल बाबांशी बोलताना वारस आणि व्यवस्थापक हे दोन वेगळे धर, कारण एजन्सी चालवणारा माणूस घरातलाच असला पाहिजे असे नाही. दुकानात बरीच वर्षे काम केलेला, हिशेब समजणारा कोणी असेल तर त्याला पगाराबरोबर नफ्यात थोडा वाटा देण्याचा विचार त्यांनी करावा, असे माझे त्यांना सांगणे आहे. आजोबांना या चर्चेत आपल्या बाजूने ओढू नकोस. बाबा आणि आजोबा यांच्यात त्यावरून दुरावा आला तर त्याचा भार तुझ्यावरच पडेल. त्यांच्याकडून मुलाखतीसाठी जहाजावरच्या रोजच्या कामाची माहिती मात्र भरपूर घे.

अर्ज भरण्याच्या आधी पंढरपुरातच डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी करून घे. नौदलात या दोन्हींचे निकष कडक आहेत आणि पुष्कळ मुलांना ते शेवटच्या टप्प्यावर कळतात.